ओढेल हो, पण थांबेल का?

वीकेंड आहे, या आठवड्यात रिलीज नाही, त्यामुळे आज जरा जड विषय घेतोय. अक्षरशः जड. शेतीची अवजड यंत्रं एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची कशी आणि त्यासाठी मागे जोडायचा ट्रेलर निवडायचा कसा, याचा इतिहास.

हसू नका. शेतीचा इतिहास म्हटलं की आपण नांगर, बियाणं, खत, पाटबंधारे असलं काहीतरी वाचतो. पण यंत्र कितीही भारी असलं तरी ते आधी शेतापर्यंत पोचावं लागतं, आणि हा प्रश्न माणसांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षं सोडवत आणलाय. बऱ्याचदा जीव देऊन. आणि आजही तुम्ही ट्रेलर बनवणाऱ्याच्या शेडमध्ये उभे राहिलात तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं, जो १८५९ साली विचारला जात होता: "ओढेल का?"

तर सुरुवात तिथूनच करू.

सहा घोडे आणि एक इंजिन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये वाफेवर मळणी करायला सुरुवात झाली होती. इंजिन चाकांवर असायचं, पण स्वतः चालायचं नाही. एका शेतावरची मळणी झाली की घोडे जुंपायचे आणि इंजिन ओढत पुढच्या शेतावर न्यायचं. म्हणजे ज्या यंत्रात त्या सगळ्या घोड्यांहून जास्त ताकद, तेच यंत्र घोडे धापा टाकत ओढतायत! केंट परगण्यातल्या थॉमस अ‍ॅव्हलिंग नावाच्या शेतकऱ्याला (पुढे तो मोठा कारखानदार झाला) हे सहन होईना. त्याला हा यांत्रिकीचा अपमानच वाटायचा. सहा शिडाच्या जहाजांनी मिळून एक आगबोट ओढावी, तसला प्रकार.

१८५९ साली त्याने क्लेटन अँड शटलवर्थ कंपनीचं असं एक इंजिन घेतलं आणि त्याच्या फिरत्या दांड्यापासून मागच्या आसापर्यंत एक लांब साखळी लावली. झालं, इंजिन चालायला लागलं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या या इंजिनांपुढे एक घोडा तरीही असायचाच. ओढायला नाही, वळवायला! स्टीअरिंग व्हील म्हणून घोडा. आमच्या क्षेत्रात याला लेगसी इंटरफेस म्हणतात :-)

पण खरा बदल पुढे आहे. इंजिन स्वतः चालू लागल्यावर त्याच्या मागे इतर गोष्टी जोडता यायला लागल्या. मळणीयंत्र, त्यामागे पेंढा वर चढवायचा एलिव्हेटर, त्यामागे कामगारांनी राहायची गाडी. अशी सगळी वरात या गावाहून त्या गावाला जायची. शेतीची अवजड यंत्रं यांत्रिक ताकदीने रस्त्यावरून ओढून नेण्याची खरी सुरुवात ही.

रस्त्यावर आलं की सरकार आलंच. १८६१ च्या ब्रिटिश कायद्याने अशा इंजिनांना १२ टनांची मर्यादा घातली. १८६५ चा कायदा तर कुप्रसिद्ध आहे. गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, किमान तीन माणसं सोबत आणि त्यातला एक जण ६० यार्ड पुढे लाल झेंडा घेऊन चालणार. मोटारींच्या इतिहासात या कायद्याची नेहमी टिंगल होते. पण त्यात एक कलम आहे, त्याकडे कोणी बघत नाही: मागे दोनपेक्षा जास्त गाड्या जोडल्या तर आणखी एक माणूस हवा. कायदा करणाऱ्यांना एवढं नक्की कळलं होतं की इंजिनाची ताकद हा एक प्रश्न आहे आणि मागे काय लोंबतंय हा दुसरा. झेंड्याची सक्ती १८७८ साली गेली, हलक्या वाहनांची या सगळ्यातून सुटका १८९६ साली झाली. मागे काय लोंबतंय हा प्रश्न मात्र राहिला.

रस्ता म्हणतो, मी नाही उचलत

अमेरिकेत हेच यंत्र आणखी अजस्र झालं. वीस-वीस टनांच्या घरातली वाफेची इंजिनं गव्हाच्या प्रदेशात फिरायला लागली आणि ओढ्यांवरचे लाकडी पूल त्यांच्याखाली मोडायला लागले. ते पूल घोडागाड्यांसाठी बांधलेले होते. इंजिन, पाणी आणि उकळता बॉयलर एकदम खाली. मळणीवाले सोबत जाड फळ्या बाळगायचे आणि पुलावर त्या अंथरून वजन पसरवायचे.

पुढे पेट्रोल-रॉकेलचे ट्रॅक्टर आले. ते हलके होते, पण त्यांची चाकं लोखंडी, वर दातेरी पट्ट्या. शेतात उत्तम, रस्त्यावर मात्र रस्ताच नांगरून निघायचा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असल्या चाकांना पक्क्या रस्त्यावर बंदी होती. १९३२ साली अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे टायर बसवून विकायला काढले. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना, रबर चिखलात काय धरणार? मग कंपनीने १९३३ साली बार्नी ओल्डफिल्ड या प्रसिद्ध रेसिंग ड्रायव्हरला ट्रॅक्टरवर बसवलं आणि त्याने तो ताशी ६४ मैलांनी पळवला. शेतात त्याचा उपयोग शून्य, पण मार्केटिंग जबरदस्त. काही वर्षांतच लोखंडी चाकं मागे पडली.

टायर आले तसा ट्रॅक्टर हाच वाहतुकीचा बैल झाला. पण साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी यंत्रं, ज्यांना आपण 'चेनवालं' म्हणतो, ती मात्र आजही रस्त्यावरून लांब न्यायची नसतात. रस्ता खराब होतो, आणि त्याहून जास्त ती पट्टी झिजते. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांचं हेच दुखणं होतं. त्यासाठी ब्रिटिशांनी अमेरिकेतल्या डायमंड टी कंपनीकडून ट्रक घेतले. मागे सुमारे ४० टन पेलणारा, बुटका, भरपूर चाकांचा ट्रेलर, चढवायला उतरत्या फळ्या आणि खेचायला विंच. वेग जेमतेम ताशी २३ मैल. आज बुलडोझर किंवा ऊसतोडणी यंत्र नेणारा लो-बेड ट्रेलर बघितलात तर तुम्हाला त्याचाच नातू बघितल्यासारखं वाटेल.

आपल्याकडे १९४९ साली जागतिक बँकेने भारताला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी एक होतं १ कोटी डॉलरचं, शेतीच्या यंत्रांसाठी. मध्य भारतात कांस नावाच्या गवताने लाखो एकर जमीन खाल्ली होती. त्याची मुळं इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराने निघत नाहीत, म्हणून चेनवाले अवजड ट्रॅक्टर हवे होते. म्हणजे स्वतंत्र भारताच्या शेतीतही अवजड यंत्र आणि त्याची ने-आण अगदी सुरुवातीपासून आहे.

वजन किती, यापेक्षा वजन कुठे

आता हॅरी फर्ग्युसन. हा आयरिश माणूस माझा आवडता इंजिनिअर आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आयर्लंडच्या शेतकी खात्याने त्याला ट्रॅक्टरचं काम सुधारायला नेमलं. गावोगाव फिरताना त्याला दिसलं की ट्रॅक्टरच्या मागे नांगर नुसता साखळीने नाहीतर कडीने बांधलेला असतो. नांगर खडकात किंवा मुळात अडकला की मागची चाकं थांबतात, इंजिन थांबत नाही, आणि मग ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या आसाभोवती उभा राहून ड्रायव्हरच्या अंगावर पडतो. हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरने असे बरेच बळी घेतले.

बाकीच्यांनी यावर ट्रॅक्टर जड करायचा उपाय शोधला. फर्ग्युसनने जोड बदलला. आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसते ती तीन टोकांची जोडणी त्याची. तिच्यामुळे नांगराची ओढ ट्रॅक्टरला उलटवण्याऐवजी मागची चाकं जमिनीत दाबायला लागली. १९३८ साली त्याने हे हेन्री फोर्डला चावीचं खेळणं वापरून समजावलं आणि दोघांनी हात मिळवला. लेखी करार नाही! (पुढे फोर्डच्या नातवाने हा व्यवहार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५२ साली फर्ग्युसनला ९२.५ लाख डॉलर मिळाले. फ्रीलान्सर मंडळींनी लक्षात ठेवावं.) त्याचे छोटे ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला, मागे सामानाच्या घसरगाड्या ओढत.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने फर्ग्युसनचा ट्रेलर जास्त महत्त्वाचा. त्याचा आस मधोमध नव्हता, मुद्दाम मागे सरकवलेला होता. त्यामुळे मालाचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यायचा. माल जितका जास्त, तितकी चाकांची पकड जास्त. डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने १९१४ साली हीच कल्पना दुसऱ्या वाटेने गाठली होती. सिबली नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी तळ्यावर न्यायची होती, तर फ्रुहॉफने फोर्डच्या मोटारीमागे दोन चाकांची गाडी अशी जोडली की तिचं पुढचं टोक मोटारीवर टेकेल. व्यापारीच तो, लगेच म्हणाला, आता लाकडासाठी एक बनव. सेमी-ट्रेलर हे नाव तिथलं. अमेरिकेतले शेतकरी आज पिकअपमागे जो 'गूजनेक' ट्रेलर लावतात, त्याचाही जोड असाच थेट मागच्या आसाच्या वर येतो.

यात परदेशी शहाणपण काहीच नाही, बरं का. आपल्या दोन चाकांच्या बैलगाडीत ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, पुढे फार आलं की बैलांच्या मानेवर येतं. प्रत्येक गाडीवानाला हे कळतं. पवईच्या निटीचे (२०२३ पासून आयआयएम मुंबई) संचालक आणि नंतर आयआयएम बंगळूरचे पहिले संचालक झालेले एन. एस. रामस्वामी यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं बैलगाडी सुधारण्यात घालवली. तिथल्या एमबीएवाल्यांना हे माहीत असेल का, देव जाणे.

आता हिशोब

हे सगळं मी का वाचत बसलो? माझ्या मामेभावाने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून भातकापणीचं चेनवालं हार्वेस्टर घेतलंय. वजन साडेतीन टन. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, डोंगराळ. घरोघरी फिरवायला ट्रेलर हवा. "तू इंजिनिअर ना? सांग, ४५ हॉर्सपॉवरला ओढेल का?" मी जावामध्ये कोड लिहितो हे त्याला सांगून उपयोग नसतो. म्हणून कागद घेतला.

समजा कडीपासून आसापर्यंत अंतर ५ मीटर. हार्वेस्टरचा गुरुत्वमध्य आसाच्या अर्धा मीटर पुढे आला, तर कडीवर ३५० किलो येतात. म्हणजे मालाच्या १० टक्के. साध्या कडीच्या ट्रेलरला १० ते १५ टक्के चांगले धरतात. आता तेच यंत्र फक्त एक मीटर मागे उभं करा. कडीवर उणे ३५० किलो! म्हणजे ट्रेलर ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलतोय. वजन तेच, ट्रेलर तोच, बिलही तेच.

पुढे. ट्रॅक्टर २ टन, त्यातले १३०० किलो मागच्या चाकांवर. ट्रेलर स्वतः दीड टन. सगळं मिळून ७ टन. दहात एक असा उतार लागला की हे ७ टन जवळपास ७०० किलोच्या जोराने खाली ढकलणार. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. यंत्र नीट उभं केलं असेल तर त्या चाकांवर १३०० अधिक ३५०, म्हणजे १६५० किलो. कोरड्या डांबरावर त्यांची पकड साधारण ११५० किलो. भागलं. ओल्या, चिखल झालेल्या रस्त्यावर तीच ५०० च्या खाली येते. नाही भागलं. आणि यंत्र मागे उभं असेल तर मागच्या चाकांवर ९५० किलोच उरतात, पकड ६६५. म्हणजे भर उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावरसुद्धा चाकं घसरणार. ढोबळ हिशोब आहे, ट्रेलरचं स्वतःचं वजन कडीवर किती येतं ते मी धरलेलं नाही, पण चित्र स्पष्ट आहे. ४५ हॉर्सपॉवर ओढतील. आरामात ओढतील. थांबवायला हॉर्सपॉवर कामाला येत नाही, तिथे फक्त चाकावरचं वजन आणि ब्रेक.

पंच्याहत्तरात एक

थांबण्याचा धडा जगाला रेल्वेने दिला, आणि फार महाग दिला.

जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. नळीतून हवा सोडली की डब्यांचे ब्रेक लागतात. यातली खोट लगेच दिसते: नळी तुटली तर ब्रेकच गेले. १८७२ साली त्याने लॉजिक उलटं केलं. आता हवेचा दाब ब्रेक लावत नाही, ब्रेक सोडून ठेवतो. नळी तुटली, डबे सुटले, काहीही झालं की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तर यंत्रणेने सुरक्षित बाजूला पडावं, हा विचार आपण सॉफ्टवेअरवाले आपलाच समजतो. तो १८७२ चा आहे.

पण नवा ब्रेक महाग, म्हणून बऱ्याच ब्रिटिश कंपन्यांनी तो घेतला नाही. १२ जून १८८९ ला उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या शाळेची सहल निघाली. १५ डबे, ९०० हून जास्त प्रवासी, त्यात पुष्कळ मुलं. चढावर इंजिन दमलं. (ओढेल का? नाही ओढलं.) मग ठरलं की गाडी तोडायची, पुढचे डबे आधी नेऊन ठेवायचे. मागच्या दहा डब्यांच्या चाकांना दगड लावले आणि जोड सोडला. गाडीला होता तो साधा व्हॅक्यूम ब्रेक, जोड सोडल्यावर मागच्या डब्यांना काहीच उरला नाही, एका हातब्रेकशिवाय. पुढचं इंजिन निघताना किंचित मागे आलं, डब्यांना धक्का बसला, दगडांचा चुरा झाला. दहा डबे उतारावरून मागे धावत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० च्या आसपास माणसं गेली. त्या चढाचं प्रमाण होतं पंच्याहत्तरात एक. आपल्या घाटात वाढलेल्या माणसाला तो चढ वाटणारही नाही.

त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. सतरा वर्षं तंत्रज्ञान तयार होतं. हॅरी फर्ग्युसन त्या वेळी चार वर्षांचा होता, शेजारच्याच परगण्यात.

आता ही गोष्ट रुळांवरून उचला आणि आपल्या ऊसपट्ट्यात ठेवा. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, पहाडासारखा ऊस. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. चढावर थांबायची वेळ आली की क्लीनर उडी मारतो आणि चाकामागे दगड लावतो. आर्माचाच दगड. रात्री त्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, म्हणून दर गाळप हंगामात रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा काढाव्या लागतात, आणि तरी पेपरात ती बातमी येतेच: "उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून..."

तेव्हा ट्रेलर घेताना काय विचारायचं, ते इतिहासाने क्रमाने सांगून ठेवलंय:

- यंत्राचं वजन नाही, यंत्र अधिक ट्रेलर असं एकूण वजन किती, आणि आस व टायर तेवढ्याला बनलेत का? वाटेतला पूलही बघा.
- आस कुठे आहे? यंत्र कुठे उभं करायचं, याची खूण पाटावर रंगवून घ्या. ड्रायव्हर बदलला तरी खूण बदलत नाही.
- पाटा जमिनीपासून किती उंच? बुटका असेल तितका वळणावर उलटायचा धोका कमी, आणि यंत्र चढवतानाही.
- बांधायचं कुठे? अमेरिकेत १०,००० पौंडांच्या (साडेचार टन) वरचं यंत्र किमान चार ठिकाणी बांधायचा नियम आहे. आपलं साडेतीन टनाचं असलं तरी चार कड्या वेल्ड करून घ्यायला किती खर्च येतो?
- ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे का, आणि जोड सुटला तर तो आपोआप लागतो का?

शेवटच्या प्रश्नावर शेडमधला माणूस बहुधा म्हणेल, "साहेब, असलं कोणी मागत नाही." १८८८ साली आयर्लंडमधल्या त्या रेल्वे कंपनीकडेही कोणी मागत नव्हतं. तुम्ही मागा. ब्रेकचे पैसे वाचवून तुम्ही जो ट्रेलर आणाल, त्याच्यापुढे ट्रॅक्टरवर तुमच्याच घरातलं कोणीतरी बसलेलं असणार आहे.